परसातील कोंबडी आणि पिठातील अळी : एका घरगुती हिशोबाचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. वित्तीय तूट, चलनवाढ, व्यापारतोल अशा भारदस्त विषयांवर ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे कोंबड्यांसाठी घरात अळ्या पाळण्याविषयी बोलणे काहीसे विजोड वाटेल. तथापि वैकल्पिक खर्च, अविभाज्यता, बिनमोल श्रम या ज्या संकल्पना आपण पाठ करता, त्या सर्व एका लहानशा डब्यात एकत्र पाहावयाच्या असतील तर याहून सोयीचे उदाहरण मला सापडलेले नाही. शिवाय कीटक-प्रथिने हा अलीकडे उत्तरपत्रिकांतून वरचेवर डोकावणारा शब्द झाला आहे. तो ‘शाश्वत पर्याय’ आहे असे लिहिले जाते. पण तो कशाला पर्याय, कोणासाठी आणि कोणत्या किमतीला, हे बहुधा लिहिलेले नसते.

प्रथम पार्श्वभूमी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती. त्यांपैकी ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या गणनेशी तुलना करता व्यापारी पक्ष्यांची संख्या साडेचार टक्क्यांनी वाढली, तर परसातील पक्ष्यांची जवळजवळ शेहेचाळीस टक्क्यांनी. म्हणजे ज्या क्षेत्राला आपण जुनाट समजत होतो तेच अधिक वेगाने वाढत होते. मात्र दर शंभर पक्ष्यांत सदतीस पक्षी परसात असूनही देशातील अंड्यांचा जेमतेम सातवा हिस्सा तेथून येतो. परसातील संख्येत कोंबडे, पिल्ले आणि बदकेही मोजली जातात, व्यापारी संख्येत मांसासाठी वाढविलेले पक्षी असतात, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा परसात शंभर-एकशेदहापर्यंत जाते, ग्रामप्रिया त्याहून पुढे. पण जातिवंत पक्षी परसात सोडला म्हणजे अंडी आपोआप वाढतात असे नाही. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असते आणि ते कोठून तरी यावे लागते.

२०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी उत्पादित झाली. दरडोई वर्षाला १०३. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेले प्रमाण १८० आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हे आकडे आपल्याला पाठ असतील. ते पुन्हा सांगण्याचे कारण एवढेच की, परसातील अंडे बाजारात न जाता त्याच घरातील ताटात जाण्याची शक्यता पुष्कळ असते. कोंबडीच्या खाद्याचा प्रश्न म्हणूनच निव्वळ पशुसंवर्धनाचा उरत नाही.

उकिरड्याचे अर्थशास्त्र

परसातील कोंबडी फुकट वाढते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. ती फुकट वाढत नाही. तिचे खाद्य हिशोबाच्या वहीत येत नाही, इतकेच. सांडलेले धान्य, पाखडण, खरकटे, कोवळे गवत आणि उकिरड्यातील किडे-अळ्या यांवर ती जगते. या सगळ्याला मिळून पशुपोषणशास्त्रात भटकंतीच्या खाद्याचा साठा असे म्हणतात. हा साठा मर्यादित असतो. एका वस्तीत तो पन्नास कोंबड्यांना पुरत असेल तर एकावन्नावी कोंबडी इतरांच्या चोचीतलेच खाते. सामूहिक कुरणाच्या ऱ्हासाविषयी आपण जे वाचता त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे.

या साठ्यात ऊर्जा देणारे पदार्थ बहुधा मिळून जातात. तुटवडा भासतो तो प्रथिनांचा. पावसाळ्यात उकिरडा किड्यांनी भरलेला असतो. मार्चनंतर जमीन तापते, किडे खोल जातात, आणि कोंबडी दिवसभर उकरूनही तिच्या पदरी फारसे पडत नाही. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो, टोगो, घाना या देशांतील शेतकरी यावर जुना उपाय करतात. मडक्यात गवत, काड्या किंवा शेण भरून ते वाळवीच्या बिळावर पालथे घालतात; वाळवी आत शिरली की मडके पिल्लांपुढे रिकामे करतात. यात खर्च मडक्याचा आणि चालण्याचा. घरात अळ्या पाळण्याची कल्पना याच परंपरेतील, फक्त तिला चार भिंतींच्या आत आणलेली आहे.

अळी आणि तिच्या गरजा

इंग्रजीत जिला मीलवर्म म्हणतात ती पिवळसर अळी हे एका काळपट भुंगेऱ्याचे बालरूप होय. शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मोलिटर. साठविलेल्या धान्यावरील व पिठावरील ही कीड आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावे लागेल. मादी आपल्या दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात काही शे अंडी घालते. एक-दोन आठवड्यांत सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात. त्या पुन्हा पुन्हा कात टाकत दोन ते तीन महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होतात, मग कोषात जातात आणि एक-दोन आठवड्यांत भुंगेरा होतो. पाळण्याची पद्धत सोपी आहे. पसरट डब्यात तीन-चार बोटे गव्हाचा कोंडा, ओलाव्यासाठी गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडी, हवेसाठी जाळीचे झाकण. भुंगेरे एका डब्यात, वाढत्या अळ्या दुसऱ्यात ठेवाव्या लागतात, कारण भुंगेरे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात. पाणी उघडे ठेवू नये. कोंडा ओला झाला की बुरशी धरतो.

ताज्या अळीत सुमारे साठ टक्के पाणी, वीस टक्के प्रथिन आणि तेरा टक्क्यांच्या आसपास चरबी असते. वाळविली तर प्रथिनाचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे सोयाबीन पेंडीच्या तोडीस तोड. मात्र चुना म्हणजे कॅल्शियम तिच्यात अत्यल्प आणि स्फुरद त्या मानाने भरपूर. अंड्यावरील कोंबडीला दिवसाला साडेतीन-चार ग्रॅम कॅल्शियम लागते, ते शिंपल्यांच्या चुऱ्यातूनच द्यावे लागते. केवळ अळ्यांवर कोंबडी अंडी घालील, पण कवच पातळ होत जाईल.

तापमानाचा मुद्दा आपल्या देशात निर्णायक ठरतो. पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसला अळी उत्तम वाढते. पस्तिसाच्या पुढे तिची वाढ खुंटते आणि मरतूक सुरू होते. मी स्वतः एकदा मार्च महिन्यात घराच्या सज्जात दोन डबे मांडले होते. एप्रिलअखेरपर्यंत सर्व सुरळीत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी डबा उघडला तेव्हा आत हालचाल नव्हती, फक्त वास होता. घरातील मंडळींनी त्या दिवशी गव्हाच्या कोठीचीही कसून तपासणी केली, आणि त्यानंतर माझे संशोधन कागदावरच राहील याची व्यवस्था झाली. पण त्यातून एक गोष्ट पक्की समजली : परसात किडे ज्या ऋतूत मिळत नाहीत, नेमक्या त्याच ऋतूत ही अळीही हातची जाते.

दहा कोंबड्यांचा ताळेबंद

आता कागद-पेन्सिल घ्यावी. दहा कोंबड्या आहेत आणि प्रत्येकीला रोज पाच ग्रॅम ताज्या अळ्या द्यावयाच्या आहेत असे समजू. म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम. त्यातून मिळणारे प्रथिन दहा ग्रॅम, कोंबडीमागे एक ग्रॅम. अंड्यातील सहा ग्रॅमांशी ताडून पाहिल्यास ही भर माफकच आहे.

पूर्ण वाढलेली अळी सुमारे बारा शतांश ग्रॅमची. पन्नास ग्रॅम म्हणजे रोज चारशेहून अधिक अळ्या. अळीचे वाढीचे दिवस पंचाहत्तर धरले तर कोणत्याही दिवशी डब्यांमधून लहान-मोठ्या मिळून तीस हजार अळ्या असाव्या लागतील, शिवाय मरतूक आणि पुढच्या पिढीसाठी राखावयाचे भुंगेरे वेगळे. ‘एका डब्यात कोंबड्यांचे खाद्य’ असे जे ऐकावयास मिळते ते दोन कोंबड्यांच्या हौसेपुरते खरे आहे.

याहून महत्त्वाचा हिशोब पुढे आहे. एक किलो ताज्या अळ्यांसाठी साधारणतः दोन किलोंहून थोडे अधिक कोरडे खाद्य लागते. म्हणजे आपल्या पन्नास ग्रॅमांसाठी रोज एकशेदहा ग्रॅम कोंडा. गव्हाच्या कोंड्यात पंधरा टक्के प्रथिन असते. एकशेदहा ग्रॅमांत साडेसोळा ग्रॅम. डब्यात साडेसोळा ग्रॅम प्रथिन गेले आणि बाहेर दहा ग्रॅम आले. अळी प्रथिन निर्माण करत नाही. ती त्याचे रूप बदलते, आणि त्या बदलाची मजुरी म्हणून तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्वतः खाते.

मग ही मजुरी द्यावी का? हा वैकल्पिक खर्चाचा प्रश्न आहे. कोंडा तसाच कोंबडीला घातला तर? काही प्रमाणात घालता येतो, पण त्यात तंतू फार असल्याने खाद्याच्या दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे तो नेता येत नाही, आणि त्यातील प्रथिनाचा दर्जा अळीच्या प्रथिनाहून कमी असतो. म्हणून मजुरी सर्वस्वी वाया जात नाही. पण तुलना कोंड्याशी न करता पेंडीशी करून पाहू. सोयाबीन पेंडीत पंचेचाळीस टक्के प्रथिन धरले तर दहा ग्रॅम प्रथिनासाठी बावीस ग्रॅम पेंड पुरते. पेंड पंचेचाळीस रुपये किलो आणि कोंडा पंचवीस रुपये किलो असे उदाहरणादाखल मानले, तर पेंडीचा खर्च एक रुपया आणि अळीला विकत घेऊन घातलेल्या कोंड्याचा पावणेतीन रुपये. पेंड किरकोळीने दुप्पट भावाने घ्यावी लागली तरीही ती स्वस्तच पडते. विकतच्या कोंड्यावर अळ्या पाळणे हा छंद होऊ शकतो, व्यवसाय नव्हे.

हिशोबाची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. पेंडीचा भाव स्थिर नसतो. २०२१ मध्ये तो इतका चढला की केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास ऑगस्टमध्ये परवानगी द्यावी लागली. २०२३-२४ पासून इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयातदार झाला. खाद्याचा खर्च हा व्यापारी कुक्कुटपालनात एकूण खर्चाच्या साठ-सत्तर टक्के असतो, त्यामुळे या घडामोडींचा धक्का मोठ्या उत्पादकाला लगेच बसतो. परसातील बाईला तो वेगळ्या रीतीने बसतो : तयार खाद्याचे पोते पन्नास किलोंचे असते, आणि दहा कोंबड्यांना रोज तीनशे ग्रॅमचा पूरक खुराक दिला तर ते पाच महिने पुरते. पावसाळ्यात इतके दिवस ठेवलेल्या पोत्याला बुरशी लागते. लहान मापात, ताजे आणि घरच्या घरी मिळणारे प्रथिन ही तिची खरी निकड आहे.

युरोपचा अनुभव

कीटकांच्या या चर्चेला जागतिक चालना मिळाली ती २०१३ साली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्या वर्षी खाद्य कीटकांवरील आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. गाईंमधील मेंदूच्या रोगानंतर युरोपीय संघाने २००१ पासून पाळीव पशूंच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांवर बंदी घातली होती. ती शिथिल करत २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि सप्टेंबर २०२१ पासून कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात कीटक-प्रथिन वापरण्यास मुभा मिळाली. आयात सोयाबीनवरील अवलंबन कमी करणे हा हेतू होता.

पण त्याच कायद्याने कीटक हे ‘पाळीव पशू’ ठरले, आणि पाळीव पशूंना स्वयंपाकघरातील वा उपाहारगृहांतील खरकटे घालण्यास मनाई आहे. परिणामी ज्या टाकाऊ पदार्थांवर हे अर्थशास्त्र उभे राहावयाचे तेच वर्ज्य झाले. अळ्यांना धान्य उद्योगातील कोंडा घालावा लागला, आणि तो तर गाई-डुकरेही खातात. कीटकांच्या पिठाचा भाव सोयाबीन पेंडीच्या कित्येक पट राहिला. याच अळीवर फ्रान्समध्ये प्रचंड भांडवलाने उभ्या राहिलेल्या इन्सेक्ट या कंपनीला २०२४ मध्ये न्यायालयाच्या संरक्षणाचा आश्रय घ्यावा लागला. अपयशाला व्याजदर, वीजदर अशी इतर कारणेही होती. तथापि आपला दहा कोंबड्यांचा ताळेबंद आणि त्या कारखान्याचा ताळेबंद यांत प्रकाराचा फरक नाही, फक्त शून्यांचा आहे.

ओल्या कचऱ्यासाठी काळी सैनिक माशी नावाच्या दुसऱ्या कीटकाची अळी अधिक उपयोगी पडते. ती भाजीपाल्याचे अवशेष खाऊन दोन-तीन आठवड्यांत तयार होते, उष्णता पुष्कळ सोसते, आणि तिची प्रौढ माशी अन्नावर बसत नाही. आपल्या हवामानात मला तीच अधिक आशादायक वाटते. घरगुती पातळीवर तिचा वास मात्र शेजारधर्माची परीक्षा पाहणारा असतो.

कोणाचे पाव तास?

वरील हिशोबात एक खर्च मी मुद्दाम धरला नाही. अळ्या चाळणे, कोष वेचणे, फोडी बदलणे यांस रोज किमान पंधरा मिनिटे लागतात. वर्षाला नव्वद तासांहून अधिक. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, पुरुष ८८. परसातील कोंबड्या बहुतेक घरांत स्त्रियाच सांभाळतात. अळ्यांचे काम त्याच २८९ मिनिटांच्या शेजारी जाऊन बसणार हे सांगावयास सर्वेक्षणाची गरज नाही. ‘फावल्या वेळात करता येणारा जोडधंदा’ हा शब्दप्रयोग योजनापत्रकांत सर्रास आढळतो. हा फावला वेळ कोणी मोजला, असा प्रश्न आपण अधिकारी झाल्यावर अवश्य विचारावा.

आणि प्राधान्यक्रम? परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू भूक नसून मानमोडी आहे. राणीखेत या नावानेही ती ओळखली जाते. तिची साथ आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते, आणि तोवर घातलेले सारे प्रथिन मातीत जाते. लस उपलब्ध आहे, स्वस्त आहे. पण कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, विरघळविल्यावर काही तासांत संपवावी लागते, आणि बाईकडे कोंबड्या दहा. एका मात्रेची किंमत नगण्य असूनही उरलेल्या नव्वद मात्रांमुळे ती न परवडणारी होते. पाठ्यपुस्तकात अविभाज्यता वाचताना आपण रेल्वेमार्ग आणि धरणे आठवता. ती कुपीतही असते. वस्तीतील दहा घरांनी एक दिवस ठरवून लसीकरण केले की प्रश्न सुटतो. बचत गटाला मी अळ्यांच्या डब्याआधी हा दिवस ठरविण्यास सांगेन.

आपल्याकडे आधीच असलेले प्रथिन

कीटक-प्रथिन ही परदेशी कल्पना आहे असे मानून चालणाऱ्यांनी कर्नाटकातील रामनगर किंवा शिडलघट्टा येथील रेशीम-कताईच्या गल्ल्यांतून एकदा फिरावे. कोशातून धागा काढून घेतला की आत रेशीमकिडा उरतो. वाळविल्यावर त्यात निम्म्याहून अधिक प्रथिन असते. एक किलो कच्च्या रेशमामागे असे सुमारे दोन किलो कोरडे द्रव्य मिळते असा ठोकळ हिशोब आहे. २०२३-२४ मध्ये देशात ३८,९१३ टन कच्चे रेशीम झाले. म्हणजे पाऊण लाख टनांच्या आसपास प्रथिनयुक्त माल, ज्यासाठी वेगळा कोंडा घालावा लागला नाही, कारण तुतीची पाने रेशमासाठी आधीच घातली गेली होती. आसामात एरी रेशमाचे किडे माणसे आवडीने खातात. इतरत्र तेल काढून घेतलेला चोथा कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात वापरला जातो. पण हे द्रव्य लवकर नासते, त्याला उग्र वास येतो, आणि ते न वाळविता तसेच पडून राहिले तर त्याचे खतच होते. येथे अडचण प्रथिनाची नाही, वाळवणाची आणि वाहतुकीची आहे. एक साधे वाळवण-यंत्र आणि तेलघाणी यांवर खर्च केलेला रुपया, घरोघरी भुंगेऱ्यांचे डबे वाटण्यावर खर्च केलेल्या रुपयापेक्षा अधिक अंडी देईल, असे माझे मत आहे.

मग अळी कोणाला परवडते? जिथे कोंड्याला दुसरा ग्राहक नाही, तिथे. अशी जागा शोधता शोधता मी एका पिठाच्या गिरणीत जाऊन पोहोचलो. जात्याभोवती सांडलेले, पायदळी आलेले, झाडून बाजूला टाकलेले पीठ आणि कोंडा तिथे रोज जमतो. माणूस ते खात नाही, गुरांनाही कोणी विश्वासाने घालत नाही. कागदावर याहून चांगली जागा नाही. मी गिरणीवाल्याला कल्पना समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे पिठात पडणारी कीड मी गिरणीतच पाळायची म्हणता?” गावातील सगळ्यांचे धान्य त्याच्या दारात रांगेने ठेवलेले होते. खाद्य जिथे सर्वांत स्वस्त, तिथेच डबा उपडा होण्याची किंमत सर्वांत जास्त होती. डबे गिरणीपासून दूर, कोंबड्यांच्या शेजारी ठेवून झाडण तेवढे पोत्यातून न्यावे, असे आमचे ठरले. वाहतुकीचा खर्च हिशोबात धरावयाचा आहे.